'महत्त्व'मध्ये दोन 'त' का? कादंबरी वाचता वाचता शुद्धलेखन शिकवण्याची पद्धत

'उज्वल', 'महत्व', 'परिक्षा'. शुभेच्छांच्या बॅनरपासून व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसपर्यंत हे शब्द रोज दिसतात आणि तिन्ही चुकीचे आहेत. शाळेत अशा चुकीवर लाल शाईचा गोल पडतो, शब्द दहा वेळा लिहायला लागतो. पण तो तसाच का लिहायचा, हे मुलांना क्वचितच समजतं. त्याचं कारण बऱ्याचदा शब्दातच असतं.

शब्द फोडून बघा

मूळ शब्दाच्या आधी लागतो तो उपसर्ग, नंतर लागतो तो प्रत्यय. हे जोड दिसले की पाठांतराची गरज कमी होते.

• महत् + त्व = महत्त्व. एक 'त' मूळ शब्दाचा, दुसरा प्रत्ययाचा. 'तत्त्व' आणि 'व्यक्तिमत्त्व' असेच बनतात. 'नेतृत्व'मध्ये मूळ शब्द 'नेतृ', त्यामुळे 'त्व'चा एकच 'त'.
• उत् + ज्वल = उज्ज्वल. 'त्'चा 'ज्' होतो, म्हणून 'ज' दोनदा.
• परि + ईक्षा = परीक्षा. 'परिणाम', 'परिसर'मधला 'परि' ऱ्हस्वच राहतो. इथे मात्र पुढे 'ई' आल्याने दोन्ही मिळून दीर्घ होतात. 'प्रतीक्षा'चंही तेच.
• 'इक' प्रत्यय ऱ्हस्व (सामाजिक), तर 'ईय' दीर्घ (राष्ट्रीय).

मग कादंबरी कशाला?

नुसती यादी दिली तर तेही पाठांतरच. गोष्टीत शब्द अर्थासकट येतो आणि पुन्हा पुन्हा भेटतो.

उदाहरणार्थ, साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई'. तिची विभागणी ४२ रात्रींमध्ये आहे. वर्गात एका वेळी एक रात्र वाचता येते. वाचन पूर्ण झालं की त्यातले दोन-तीन शब्द फळ्यावर घ्यायचे, फोडायचे आणि त्याच उपसर्गाचे किंवा प्रत्ययाचे आणखी शब्द मुलांनी सुचवायचे. पुढच्या प्रकरणांत हे 'नातेवाईक' मुलंच शोधू लागतात.

गोष्टीच्या ओघात विभक्तीचे प्रत्ययही सतत येतात. 'विहीर' दीर्घ, पण 'विहिरीवर' ऱ्हस्व. 'मूल' दीर्घ, पण 'मुलाला' ऱ्हस्व. 'शरीर' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून 'शरीराला' लिहितानाही 'री' दीर्घच. आणखी एक गंमत म्हणजे 'शक्ती', 'शक्तीने' दीर्घ, पण संस्कृत प्रत्यय लागला की 'शक्तिमान' ऱ्हस्व. सध्याचे शासनमान्य लेखननियम १८ आहेत. १९६२ मध्ये १४ ठरले, १९७२ मध्ये चारची भर पडली. यातले ऱ्हस्व-दीर्घाचे कितीतरी नियम अशा उदाहरणांतून सहज उलगडतात.

कुठे जपायचं?

वाचन मध्येच थांबवून शब्द फोडायला बसलं, तर गोष्टीची मजा जाते. आधी गोष्ट, मग व्याकरण. दुसरं, प्रत्येक 'अन' किंवा 'बे' उपसर्ग नसतो. 'अनपेक्षित'मध्ये तो आहे, 'अननस'मध्ये नाही. 'बेफिकीर'मध्ये आहे, 'बेडूक'मध्ये नाही. उरलेल्या भागाला अर्थ आहे का आणि पूर्ण शब्दाशी त्याचा संबंध लागतो का, हे आधी तपासायचं.

बोलीभाषेतले संवादही चुकीचे ठरवायचे नाहीत. पात्र जसं बोलतं तसंच ते लिहिलेलं असतं.

लाल गोल मुलाला एवढंच सांगतो की चुकलं. शब्द फोडला की कुठे आणि का चुकलं, हे त्याचं त्यालाच कळतं. पुढचा नवा शब्द लिहिताना तेच कामी येतं.