चार छटांचा पडदा आणि गुळगुळीत कागद

आजचा भाग एका मासिकावर आहे. खरं तर ते मासिक आज वाचायचं कसं, यावर.

मासिकाचं नाव निन्टेन्डो पॉवर. पहिला अंक १९८८ च्या जुलै-ऑगस्टचा, शेवटचा डिसेंबर २०१२ चा. काढलं कोणी? निन्टेन्डो ऑफ अमेरिकेनेच. म्हणजे गेम विकणारा तोच आणि गेमबद्दल लिहिणाराही तोच. घरच्याच दुकानाचं मासिक म्हणा ना! मग इतिहासासाठी याचा उपयोग काय? उपयोग आहे, पण वाचताना थोडी सावधगिरी लागते.

१९८९ मध्ये गेमबॉय आला. जपानमध्ये एप्रिलला, अमेरिकेत जुलैअखेर, किंमत ८९.९९ डॉलर आणि सोबत टेट्रिस. (आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी दिसणारा तो ब्रिक गेम आठवतोय? तो याच टेट्रिसचा लांबचा भाऊ.) गेमबॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. रंग नाहीतच, हिरवट करड्या चारच छटा. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सचा पडदा रंगीत होता, आतून उजेड देणारा. पण लिंक्सला पेन्सिल सेल लागायचे सहा, आणि ते चार-पाच तासांत संपायचे. गेमबॉय चार सेलवर त्याच्या दुप्पट-तिप्पट चालायचा. गुनपेई योकोई आणि त्यांच्या चमूने जुनं, स्वस्त, पक्कं तंत्र मुद्दाम निवडलं होतं. त्याची किंमत मोजावी लागली ती डोळ्यांना. पडद्यामागे दिवा नव्हता, आणि चित्र जोरात सरकलं की मागे सावली ओढत जायचं.

आता मासिक उघडा. गेमबॉयच्या पानांवरची चित्रं कशी आहेत? स्वच्छ, ठाशीव, जागच्या जागी थांबलेली. गाडीच्या मागच्या सीटवर रस्त्याचा दिवा येईल तेवढ्यापुरतंच ज्याला चित्र दिसत होतं, तो पोरगा या पानांत कुठेच नाही. गुण द्यायची त्यांची पद्धत बघा: चित्र-आवाज, हाताळणी, आव्हान आणि कल्पनेतली मजा, प्रत्येकाला पाचपैकी. अंधारात दिसतं का, याचा रकानाच नाही. अमेरिकेतल्या खेळाडूंना निन्टेन्डोचा अंगचा उजेड असलेला हँडहेल्ड मिळाला तो २००३ मध्ये, गेमबॉय ॲडव्हान्स एसपीच्या रूपात. चौदा वर्षं!

याच काळात इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथलीसारखी स्वतंत्र मासिकंही होती. तिथे चार समीक्षक एकाच गेमला वेगवेगळे गुण द्यायचे आणि सेगा, अटारी, निन्टेन्डो सगळे एकाच पानावर यायचे. तुलना हवी असेल तर तिकडे जावं. (अर्थात त्यांचंही पोट जाहिरातींवर होतं, हे विसरू नका.)

पण निन्टेन्डो पॉवरकडे एक गोष्ट अशी होती, जी माझ्या मते बाकीच्यांना तितकी साधली नाही. नकाशे. १९९३ चा झेल्डा, लिंक्स अवेकनिंग, घ्या. त्यातलं बेट १६ बाय १६ चौकोनांचं, म्हणजे २५६ पडदे. खेळणाऱ्याला एका वेळी दिसतो एकच. खेळातही नकाशा आहे, पण तो बारीक खुणांचा. छापील नकाशात एक पडदा दुसऱ्याला जोडला की झाडं, गुहा, नदी, सगळं एकदम समोर. हातातल्या इवल्याशा खिडकीतून जे कधीच एकत्र दिसलं नसतं, ते कागदावर दिसायचं. अडलं तर रेडमंडला फोन लावायची सोय होती. तिथे बसलेले सल्लागार वाट सांगायचे, आणि त्यांचे सल्ले मासिकात सदर म्हणून छापूनही यायचे. मला विचाराल तर समीक्षेपेक्षा ही सदरं जास्त खरी आहेत. पोरं नेमकी कुठे अडत होती, ते तिथे कळतं.

आणि आज हे कागद का लागतात? व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकतच मिळत नाहीत. गेमबॉय घराण्यातले तर सहा टक्केही मिळत नाहीत. अशा कितीतरी गेमबद्दल सहज वाचायला मिळतं ते कुठल्या तरी मासिकातलं अर्धं पान, तीन चित्रं आणि एक चोरवाट.

तेही सुखरूप नाही बरं का. २०१६ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर निन्टेन्डो पॉवरचे शंभराहून जास्त अंक वाचायला मिळत होते. निन्टेन्डोने हरकत घेतली आणि ते काढले गेले. जानेवारी २०२५ मध्ये याच फाउंडेशनने आपलं डिजिटल ग्रंथालय उघडलं. त्यात बंद पडलेल्या मासिकांचे हजारावर अंक आहेत, आणि आतला मजकूर शब्द टाकून शोधता येतो. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या गेमबॉय गेमचं नाव टाकून बघा. पुढच्या भागात मी तेच करणार आहे.