रुमालाखालचा भाव

वऱ्हाडच्या कापूस बाजारात पूर्वी भाव तोंडाने बोलला जात नसे. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात हातात घेत, वरून रुमाल किंवा उपरण्याचं टोक टाकत आणि आत बोटं दाबून सौदा करत. याला हत्ता पद्धत म्हणत. ज्याचा कापूस विकला जात होता तो शेतकरी आपल्या बंडीजवळ उभा असे. त्याला रुमाल दिसे, बोटं दिसत नसत.

त्या रुमालाखाली सगळ्यांसाठी एकच भाव ठरत असेल, असं मानायला काही आधार नव्हता. प्रथमच आलेला शेतकरी भाव पटला नाही तर बंडी दुसऱ्या अडतीकडे वळवू शके. दर हंगामाला येणारा जुना शेतकरी मात्र पुष्कळदा त्याच अडत्याचा कर्जदार असे. बियाणं, सारा, मुलीचं लग्न, सगळ्यासाठी पैसा तिथूनच उचललेला. ‘या पाटील’ म्हणून स्वागत त्याचंच जास्त. पण बंडी वळवण्याची मोकळीक त्याला नव्हती. ओळख जितकी जुनी, तितकी घासाघीस अवघड.

हे आज आठवायचं कारण म्हणजे आपला बाजार आता मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. एकाच संकेतस्थळावर अकोल्याचे दोघे शेजारी एकाच वेळी गेले, तरी दोघांना एकच पान दिसेल असं नाही. नव्याला ‘पहिल्या खरेदीवर सूट’ दिसते, जुन्याला त्याने मागच्या वेळी पाहून सोडून दिलेल्या वस्तू दिसतात. दारात आलेला माणूस नवा की जुना, हे त्या दुकानाला कळतं कसं?

मुळात इंटरनेटचं पान फार विसराळू. एक पान मागितलं, मिळालं, की ओळख संपली. पुढच्या मागणीला तुम्ही पुन्हा परके. १९९४ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत लू माँटुली नावाचा तेवीस वर्षांचा तरुण काम करत होता. त्याने यावर तोड काढली. दुकानाने एक छोटी चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच संगणकात ठेवायची आणि पुढच्या वेळी ती आपोआप परत वाचायची. तिला ‘कुकी’ हे नाव मिळालं. तिचा पहिला उपयोग काय झाला, तर नेटस्केपच्या संकेतस्थळावर आलेला पाहुणा आधी येऊन गेला आहे का, एवढंच पाहणं. प्रत्येक संगणकाला कायमचा एक क्रमांक द्यावा, हाही विचार त्याच्यापुढे होता. पण मग प्रत्येक माणसाचा जिथे-तिथे माग काढता येईल, म्हणून तो त्याने टाळला. त्याचा हेतू चांगलाच होता. पुढे जाहिरात कंपन्यांनी अनेक दुकानांत एकच चिठ्ठी वाचायची सोय करून घेतली आणि जे टाळायचं होतं तेच घडलं. आणि ही चिठ्ठी ठेवली जाते हे ज्यांच्या संगणकात ती होती त्या बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. लोकांत त्याची चर्चा सुरू झाली ती १९९६च्या फेब्रुवारीत, ‘फायनान्शियल टाइम्स’ने लिहिल्यावर.

सप्टेंबर २००० मध्ये एक प्रकरण बाहेर आलं. ॲमेझॉनच्या एका गिऱ्हाइकाला एका चित्रपटाची डीव्हीडी २६.२४ डॉलरला दिसत होती. त्याने आपल्या संगणकातल्या कुकी पुसल्या आणि तेच पान पुन्हा उघडलं. आता तो दुकानाला अनोळखी झाला होता, आणि भाव झाला होता २२.७४ डॉलर! बोभाटा झाल्यावर कंपनीने सांगितलं की ही केवळ भावांची चाचणी होती, माणूस पाहून भाव लावलेले नव्हते. तरीही ६,८९६ गिऱ्हाइकांना सरासरी ३.१० डॉलर परत करावे लागले. कंपनीचं म्हणणं खरं धरलं, तरी एक गोष्ट उरतेच. चिठ्ठी पुसेपर्यंत त्या माणसाला दुसरा भाव असल्याचा पत्ताच नव्हता.

नव्या-जुन्यात फरक करणंच वाईट, असं मात्र मला वाटत नाही. मुशायऱ्यात आम्ही तेच करतो. नव्या गावात आधी सोपी, पटकन दाद मिळेल अशी रचना. जिथे दोनदा जाऊन आलो तिथे लोक स्वतःच जुनी फर्माईश करतात. पण तिथे सगळं सगळ्यांच्या देखत चालतं. (रेडिओला तर नवा श्रोता आणि जुना श्रोता हा भेदच कळत नाही, बिचारा सगळ्यांना एकच भाषण ऐकवतो.)

आता पुन्हा कापसाकडे. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवीने वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत मागणी आली आणि बाजार फुगले. गिरण्यांना शुद्ध कापूस हवा होता, त्यामुळे बाजाराला शिस्त लावणं सरकारला भाग पडलं. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली आपल्या कारंज्याला सुरू झाला. कारंजा तेव्हा वऱ्हाडात, पुढे अकोला जिल्ह्यात, आणि १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. दलाल आणि मापाऱ्यांना परवाने आले, बाजाराची जागा ठरली, कमिटी नेमली गेली. पुढे इतर प्रांतांनी हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवला. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण कमिटीतली माणसं कोण होती तेही पाहावं. पाच सभासद, त्यांतले तीन कापसाचे व्यापारी आणि दोन नगरपालिकेचे. ज्याचा कापूस, त्याला खुर्ची नव्हती! शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आणि उघड लिलाव यांसाठी नंतरच्या कायद्यांची वाट पाहावी लागली. १९६३चा महाराष्ट्राचा कायदा त्यांतला मुख्य.

पडद्यावरच्या बाजारासाठी आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती घेण्याआधी संमती घ्यावी, असं तो म्हणतो. संमतीची चौकट उघडते तेव्हा ती वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा. २०००च्या त्या गिऱ्हाइकाची युक्ती आजही करून पाहता येते. तीच वस्तू एकदा नेहमीसारखी उघडावी, एकदा ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडावी आणि दोन्ही भाव कागदावर लिहून घ्यावेत. मात्र आपलं नाव आणि मोबाइल नंबर देऊन आत शिरलात, तर चिठ्ठी पुसून उपयोग नाही. तेव्हा आपली नोंद आपल्या संगणकात नसते, अडत्याच्या वहीत असते.