मालक बदलले, गुलामी उरली

बंड म्हटले की आपण लगेच जयजयकार करतो. बंडखोरांनी हाती आलेल्या सत्तेचे काय केले, हे मात्र विचारत नाही.

नवव्या शतकातील अब्बासी खिलाफत पाहू. दक्षिण इराकमध्ये, बसऱ्याजवळच्या दलदलीत, पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम जमिनीवरचा खारट थर खरवडून काढत. अरब त्यांना ‘झंज’ म्हणत. इ.स. ८६९ मध्ये अली इब्न मुहम्मदने त्यांना संघटित केले. ८७१ मध्ये त्यांनी बसरा जिंकले, अल-मुख्तारा ही राजधानी उभारली. खलिफाचा भाऊ अल-मुवफ्फक याला हे बंड मोडायला ८८३ उजाडले.

इतिहासकार तबरी या नेत्याला ‘ईश्वराचा शत्रू’ म्हणतो. सत्तेच्या बाजूने लिहिलेला हा शिक्का आम्ही मानत नाही. माणसाला जनावरासारखे राबवणाऱ्यांविरुद्धचे ते बंड न्याय्यच होते.

पण याच नेत्याने झंजांना संपत्तीसोबत गुलामांचे मालक करण्याचेही वचन दिले. युद्धात पकडलेल्यांना गुलाम केले गेले. म्हणजे भांडण मालकाशी झाले, गुलामगिरीशी नाही.

म्हणून मित्रांनो, सत्ता मागताना एक प्रश्न आधी स्वतःला विचारू : आपल्याला व्यवस्था मोडायची आहे, की तिच्यातली वरची पायरी हवी आहे?