दिनविशेष : १४ डिसेंबर
२००३ : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील (तेथे ‘सॉकर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळातील) ज्येष्ठ प्रशिक्षक जेरी येगली यांनी ओहायो राज्यातील कोलंबस येथे झालेल्या अंतिम सामन्यात इंडियाना विद्यापीठाला सेंट जॉन्सविरुद्ध २–१ असा विजय मिळवून देत सहाव्या राष्ट्रीय विजेतेपदासह निवृत्ती स्वीकारली. पेनसिल्व्हेनियात जन्मलेले येगली १९६३ मध्ये इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथील या विद्यापीठात आले, तेव्हा तेथील संघ केवळ ‘क्लब’ दर्जाचा, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत क्रीडा विभागाबाहेरचा आणि बव्हंशी स्वतःच्या बळावर चालणारा होता. बास्केटबॉलवेड्या राज्यात त्याला ‘व्हार्सिटी’, अर्थात विद्यापीठाचा अधिकृत प्रतिनिधी संघ, हा दर्जा मिळण्यास १९७३ साल उजाडावे लागले, आणि पुढील विजेतेपदांपेक्षा ही दहा वर्षांची चिकाटीच कदाचित त्यांची मोठी कामगिरी ठरावी. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संस्थेच्या स्पर्धेत १९७६, १९७८ आणि १९८० अशा तीन अंतिम सामन्यांत सॅन फ्रान्सिस्कोकडून पराभूत झाल्यावर १९८२ मध्ये ड्यूकविरुद्ध तब्बल आठ जादा सत्रांपर्यंत लांबलेला सामना २–१ असा जिंकून इंडियानाने पहिले अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर १९८३, १९८८, १९९८ आणि १९९९ मध्येही ते त्याच संघाकडे आले. व्हार्सिटी संघाच्या ३१ हंगामांत येगली यांच्या नावावर ५४४ विजय जमा झाले. त्यांचे पुत्र टॉड यांनी २०१० पासून याच संघाची सूत्रे हाती घेऊन २०१२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.