शार्दँचे ‘ल बेनेदिसिते’

भोजनापूर्वी ईश्वराचे आभार मानण्याची जी प्रार्थना ख्रिस्ती कुटुंबांत म्हटली जाते, तिचेच नाव या फ्रेंच चित्राला लाभले आहे. ज्याँ-सिमेऑन शार्दँ (१६९९–१७७९) याने ते १७४० च्या पॅरिस येथील ‘सालों’ प्रदर्शनात मांडले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, व्हर्सायला पंधराव्या लुईची भेट घेतली तेव्हा, ‘ला मेर लाबोरियूझ’ (कष्टाळू माता) या जोडचित्रासह राजाला अर्पण केले.

चित्र जेमतेम पन्नास सेंटीमीटर उंचीचे. निळा एप्रन ल्यालेली आई मेजाशी वाकून वाढते आहे. थोरली मुलगी बसली आहे. धाकटे मूल हात जोडून प्रार्थना म्हणते आहे. त्याच्या अंगात झगा असला तरी तो मुलगा आहे. त्या काळी लहान मुलग्यांनाही झगेच घालीत, आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेले ढोलके त्याचेच. जमिनीवर एक शेगडी. बस्स, एवढेच! घास ताटात आहे, पण प्रार्थना संपेपर्यंत तो तोंडात जायचा नाही. हा थांबलेला क्षण हाच चित्राचा विषय होय.

त्या काळच्या अकादमीच्या श्रेणीव्यवस्थेत पौराणिक व ऐतिहासिक चित्रे सर्वोच्च मानली जात. घरगुती प्रसंग पुष्कळ खाली आणि स्थिरचित्र तर तळाशी. १७२८ मध्ये शार्दँला अकादमीत प्रवेश मिळाला तो स्थिरचित्रांच्या बळावरच. सुताराच्या या मुलाने मध्यमवर्गीय स्वयंपाकघर राजवाड्यात नेले, हे म्हणूनच लक्षणीय ठरते.

१७४४ मध्ये लेपिसिए याने या चित्राचे कोरीव ठसे काढले आणि ते घरोघरी पोहोचले. ठशाखालील पद्यात बहीण भावाच्या अडखळण्याला चोरून हसते आणि भाऊ भुकेपोटी प्रार्थना उरकतो, असे म्हटले आहे. मूळ चित्रात मात्र असा विनोद सक्तीने शोधावा लागतो; पद्यकाराने चित्राला थोडे हलके केले, असेच म्हणावे लागेल.

शार्दँने या विषयाची एकाहून अधिक चित्रे काढली. १७४४ ची स्वाक्षरी असलेली प्रत सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्याच्या मृत्यूनंतर त्याचे नाव मागे पडले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गाँकूर बंधूंच्या लेखनाने ते पुन्हा पुढे आले. १८६९ मध्ये लुई ला काझ यांच्या मृत्युपत्रान्वये याच विषयाची आणखी एक प्रत लूव्र संग्रहालयास मिळाली, आणि राजाला दिलेले मूळ चित्रही तेथेच आहे.