कॅफे रेसर बुलेट : जतन की फेरबदल?

दिल्लीच्या करोल बागेत जुन्या बुलेटचे पुनरुज्जीवन दोन प्रकारांनी होते. एकात गाडी कारखान्यातून निघाली तशी केली जाते. दुसऱ्यात तिला शर्यतीचे रूप देतात. हँडल खाली येते, फुटरेस्ट मागे जातात, सीट एकाच माणसापुरती उरते. हा ‘कॅफे रेसर’.

हे रूप लंडनचे. 1938 साली सुरू झालेले आणि महायुद्धानंतर 1949 मध्ये पुन्हा उभे राहिलेले ‘एस कॅफे’ हा तरुण मोटारसायकलस्वारांचा अड्डा होता. ताशी 100 मैल, म्हणजे सुमारे 160 किलोमीटर, हा वेग गाठणे ही त्यांची महत्त्वाकांक्षा. त्यासाठी ते अनावश्यक भाग उतरवीत आणि टाकीवर ओणवे होऊन गाडी हाकीत.

त्यामागे भौतिकशास्त्र आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती आठपट लागते. उलट, हवेला अडणारे प्रभावी क्षेत्र 20 टक्क्यांनी घटवले, तर त्याच इंजिनावर कमाल वेग जेमतेम 8 टक्क्यांनी वाढतो.

आपली बुलेटही मूळची इंग्लंडचीच. 1955 साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया स्थापन झाली. आरंभी इंग्लंडहून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. पुढे मूळ ब्रिटिश कंपनी बंद पडली, मद्रासचे उत्पादन मात्र चालू राहिले. या गाडीचे इंजिन 346 घन सेंटिमीटरचे, सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर, शक्ती सुमारे 18 अश्वशक्ती. कमी वेगात दमदार ओढणारे हे यंत्र केवळ ओणवे होऊन 160 गाठणार नाही.

प्रश्न केवळ वेगाचा नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली-एनसीआरमध्ये 15 वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांना मनाई केली. पुढे अंमलबजावणीचे नियम बदलत राहिले. 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली. पण गाडी मूळ स्वरूपात हवी आणि सांगाडा वा इंजिनात मोठा फेरबदल नको. म्हणजे सांगाडा कापून केलेला कॅफे रेसर कितीही देखणा असला, तरी वारसा म्हणून असलेली मान्यता गमावू शकतो.

कॅफे रेसर हाही इतिहासच आहे. कारखान्याचा नव्हे, तर स्वारांचा. दोन्ही इतिहास टिकवायचे, तर वस्तुसंग्रहालयांतील संवर्धनाचे एक तत्त्व उपयोगी पडते : केलेला बदल परत फिरवता आला पाहिजे. हँडल, सीट, फुटरेस्ट बोल्टने बसवावेत आणि मूळ भाग जपून ठेवावेत. सांगाड्याला करवत लावू नये. बोल्ट पुन्हा सोडवता येतो. कापलेला सांगाडा पूर्वीसारखा होत नाही.