जुन्या मोटारीतील टॅकोमीटर : ठिणग्यांचा हिशेब जुळविताना

गुरुकुंज मोझरी (जि. अमरावती) : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापन केलेल्या आश्रमामुळे सर्वपरिचित झालेले मोझरी अमरावती-नागपूर महामार्गावर आहे. या चौपदरी रस्त्यावर नव्या गाड्यांच्या बरोबरीने धावताना चार गिअरच्या जुन्या मोटारीच्या इंजिनावर किती ताण येतो, हे केवळ कानाने ओळखणे अवघड असते. म्हणूनच हौशी मालक प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे (आर.पी.एम.) दाखविणारे मीटर, बसवून घेतात. त्याच सुमारास जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनही बसविले जाते आणि मीटरचा काटा एकतर निपचित पडतो किंवा वेड्यासारखा नाचू लागतो.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनीत मुळात टॅकोमीटर नव्हता. १०८९ सी.सी.च्या तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडले, की इग्निशन कॉइलचा प्रवाह तुटतो आणि प्लगवर ठिणगी पडते. विजेवर चालणारा टॅकोमीटर प्रत्यक्षात इंजिनाचे फेरे मोजतच नाही. तो या ठिणग्या मोजतो. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे १५०० आर.पी.एम.ला सेकंदाला पन्नास. हा हिशेब ध्यानात ठेवला की बहुतेक दोष आपोआप उलगडतात.

बाजारातील बऱ्याच मीटरमागे ४, ६ व ८ सिलिंडरची कळ असते. ती ८ वर राहिली तर काटा निम्माच आकडा दाखवितो. अशा वेळी अनेकदा बिचाऱ्या इग्निशन किटलाच दोष दिला जातो.

या किटचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत आणि खरी मेख येथेच आहे. पहिल्या प्रकारात पॉइंटच्या जागी एक लहान चुंबकीय संवेदक बसतो. कॉइल पूर्वीच्याच पद्धतीने काम करते. येथे टॅकोमीटरची संदेशवाहक तार कॉइलच्या ऋण टोकाला जोडली की सहसा काम भागते. दुसरा प्रकार सी.डी.आय. पद्धतीचा. यात वेगळ्या पेटीतील कपॅसिटर आधी भारित होतो आणि ४०० व्होल्टच्या घरातील झटका कॉइलमध्ये सोडतो. काही पेट्या कमी वेगात एकाच ज्वलनासाठी लागोपाठ अनेक ठिणग्या टाकतात. अशा कॉइलला टॅकोमीटर थेट जोडणे म्हणजे तो जाळण्याची तयारी करणे होय. नवे मीटर पुन्हा विकत घेता येईल, परंतु एखाद्या दुर्मीळ गाडीचे मूळ मीटर जळले तर त्याची जोड मिळणे कठीण. या पेट्यांवर बहुधा टॅकोमीटरसाठी स्वतंत्र टोक दिलेले असते. मीटरची तार तेथेच जावी.

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांच्या मालकांसमोर आणखी एक पेच असतो. त्यांतील स्मिथ्स कंपनीच्या काही टॅकोमीटरमध्ये इग्निशनची तारच मीटरमागून वळसा घालून कॉइलकडे जाते. हे मीटर दाबावर नव्हे, तर त्या तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या चढउतारावर चालते. सी.डी.आय. पेटी मुख्य वीज थेट बॅटरीकडून घेत असल्याने त्या तारेत चढउतार उरतच नाही आणि काटा शून्यावर राहतो. त्यासाठी संदेश बदलून देणारा अडॅप्टर बसवावा लागतो, अथवा मीटरमधील मंडल जाणकाराकडून बदलून घ्यावे लागते. मूळ डायल व काटा कायम राहत असल्याने दुसरा मार्गही वाईट नाही.

काटा सतत थरथरत असेल तर प्रथम डॅशबोर्डमागील अर्थिंग तपासावे. अनेक वर्षांच्या रंगावर आणि गंजावर घट्ट केलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. त्यानंतर प्लगच्या तारांकडे वळावे. निव्वळ तांब्याच्या तारा इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये व्यत्यय आणतात. त्या जागी रोधक तारा घालाव्यात आणि मीटरची तार त्यांच्यापासून दूर न्यावी.

मीटर खरे दाखविते की नाही, हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. तांब्याच्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. इंजिनाच्या क्रँक पुलीवर खडूची एकच रेघ ओढून अंधाऱ्या गॅरेजमध्ये त्या उजेडात पाहिले असता, नेमक्या १५०० आर.पी.एम.ला चार स्थिर रेघा दिसतात. पंख्याची पातीही त्या उजेडात थांबल्यासारखी वाटू शकतात, तेव्हा हात लांबच ठेवलेला बरा! इलेक्ट्रॉनिक चोक किंवा एलईडी दिव्याखाली हा प्रयोग भरवशाचा नाही.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. उरलेल्या गाड्या आता हौसेने जपल्या जात आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात असावे लागते. त्यामुळे मूळ तारा कापण्यापेक्षा जोडणी काढता-घालता येईल अशी ठेवणे आणि मीटर डॅशबोर्ड न छेदता खालच्या पट्टीवर बसविणे इष्ट.

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते आणि इलेक्ट्रॉनिक भाग ती फार काळ सोसत नाहीत. सी.डी.आय.ची पेटी एक्झॉस्टपासून दूर, वारा लागेल अशा जागी असावी. काढलेली पॉइंट-प्लेट व कंडेन्सर भंगारात न देता डिकीत ठेवावेत. किट मध्येच बंद पडले तर रस्त्याकडेचा जुना मिस्त्री ते बसवून गाडी पुन्हा चालू करून देऊ शकतो.